थांबलो होतो तिथून पुढं

हॉस्पिटलात एक बाई आहेत, पेशंटशी आणि घरच्यांशी बोलायला ठेवलेल्या. त्या म्हणाल्या, शब्बीरभाई, तुम्ही लिहा, वाचून दुसऱ्यांना धीर येईल. मी म्हटलं, धीर येईल असं माझ्याकडं काही नाही. त्या म्हणाल्या, मग जे आहे ते लिहा. म्हणून लिहितोय. ज्याला धीर हवाय त्यानं इथंच वही मिटावी, मला राग येणार नाही.

मी दौंडचा. कुरकुंभच्या एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल करणाऱ्या एका कंपनीत सतरा वर्षं ऑपरेटर होतो. घरात आम्ही आमची दखनी बोलतो, पण शाळा मराठी, कंपनी मराठी, आणि भांडायचं झालं तर मी मराठीतच भांडतो. त्यामुळं हेही मराठीत. माझ्या डोक्यात डाव्या बाजूला गाठ आहे. ती काढता आली असती का नसती, एवढीच ही गोष्ट आहे.

आधी कंपनीतलं थोडं सांगतो, त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडं माल मोठ्या बंद भांड्यात शिजतो, एका वेळच्या मालाला बॅच म्हणायचं. प्रत्येक बॅचला एक कागद असतो, बॅचकार्ड. इतकं तापवा, इतका वेळ थांबा, मग अमुक घाला, असं पायरीपायरीनं लिहिलेलं. मध्येच लाइट गेली तर कार्डावर आडवी रेघ मारायची, वेळ टाकायची, कुठल्या पायरीवर थांबलो ते लिहायचं आणि सही करायची. लाइट आल्यावर जो चालू करील त्यानं ते वाचायचं, त्याखाली आपली सही करायची, आणि थांबलो होतो तिथून पुढं जायचं. पहिल्यापासून कधीच नाही. पहिल्यापासून गेलं तर माल दोनदा पडतो आणि सगळी बॅच गटारात जाते. नवीन आलेल्या माणसाला मी हे पहिल्याच आठवड्यात शिव्या घालून शिकवायचो.

पेन घसरलं

माझं अक्षर चांगलं. बाहेरून तपासणीला कोणी आलं की साहेब मुद्दाम माझी कार्डं काढून दाखवायचे. एका सेकंड शिफ्टला मी तापमान लिहीत होतो, तर पेन चौकटीच्या बाहेर गेलं. उजवा अंगठा आपोआप उडत होता. सुपरवायझरनं हळूच विचारलं, घेतलीय का? आयुष्यात थेंबाला शिवलो नाही मी. असला राग आला की दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये अख्खा हात उडायला लागला आणि मी ताटावर कोसळलो. शुद्धीवर आलो तर डोकं शिवाजीआप्पांच्या मांडीवर. आप्पा राहूचे, घरची शेती सांभाळून कंपनीत येणारे, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. माझ्यानंतरच्या शिफ्टला तेच असायचे, त्यामुळं रोज माझं कार्ड त्यांच्या हातात जायचं. माझ्या कानात आमटी गेली होती आणि आप्पा आपल्या टोपीनं ती टिपत होते.

दौंडच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि गाठ म्हणाले. माझ्या बायकोनं, रेहानानं, विचारलं, औषधानं विरघळंल का? ते कागदाच्या मागच्या बाजूला डोक्याचं चित्र काढायला लागले. मी काय विचार करत होतो सांगू? पुढच्या आठवड्यात माझी फर्स्ट शिफ्ट होती, ती कोणाशी बदलून घ्यावी, याचा. खोटं वाटेल, पण त्या खोलीत मला तेवढंच सुचत होतं.

डॉक्टरांचं म्हणणं असं. उजवा हात हलवणारी जागा मेंदूच्या डाव्या अंगाला असते, आणि गाठ तिच्या आसपासच आहे. दोघांच्या मध्ये अंतर असलं तर गाठ पुरती काढता येईल. हाताची जागा गाठीतच असली तर हात लावणार नाही. ते बघायला नवीन तऱ्हेचा स्कॅन आला होता. त्यात पेशंटनं बोटं हलवायची आणि मशीन मेंदूतली ती जागा दाखवतं.

मशीन

त्या दिवसांत आम्ही शिरूरला रेहानाच्या माहेरी राहत होतो. तिथून नगर रोडनं पुणं सरळ पडतं. तिचा भाऊ सलीम पाबळला विजेचं काम शिकलेला, शिरूरला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. स्कॅनच्या दिवशी दुकान बंद ठेवून तो बरोबर आला.

आत घ्यायच्या आधी एका माणसानं नीट समजावलं. मशीनचा आवाज एवढा असतो की बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून तो माझ्या पायाशी उभा राहणार आणि अंगठ्यावर टिचकी मारणार. सुरुवातीला हात स्वस्थ ठेवायचा. टिचकी बसली की उजव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला लावत राहायची. परत टिचकी बसली की थांबायचं. पुन्हा टिचकी, पुन्हा बोटं. असे बरेच फेरे. सोपं काम, टिचकी बसली की बदल करायचा.

डोक्याला पिंजरा लावला, अंगावर पांघरूण घातलं, कारण खोलीत गारठा. हात पांघरुणाखाली. मशीन ठोकायला लागलं. स्वस्थ, टिचकी, बोटं, टिचकी, स्वस्थ, टिचकी, बोटं. आणि बोटं चालू असतानाच सगळं गप्प झालं. वीज गेली असावी. लांबून आवाज आला, हलू नका, लगेच चालू करतो.

लगेच म्हणजे वीसेक मिनिटं. नाक खाजत होतं, मी खाजवलं नाही. दाराचा आवाज आला, दोन माणसं कायतरी बोलली, एक गेला आणि एक थांबला. पहिल्याची ड्युटी संपली होती. शिफ्ट बदलतानाचं बोलणं मी सतरा वर्षं ऐकलंय, मला ते भिंतीआडूनही कळतं.

मग मशीन पुन्हा ठोकायला लागलं. बंद पडलं तेव्हा माझी बोटं चालू होती. म्हणून मी बोटं चालू केली. टिचकी बसली, थांबलो. टिचकी, बोटं. टिचकी, थांबलो. शेवटपर्यंत असंच. मनात शंका नाही, उलट घमेंड, की एवढ्या वेळानंतरही कुठं थांबलो होतो ते विसरलो नाही. बाहेर काढल्यावर नवीन माणूस म्हणाला, छान, अजिबात हलला नाहीत. मी खूश होऊन सलीमला सांगितलं, पास झालो.

वीस दिवस

मोठे डॉक्टर त्या दिवशी पहिल्यांदा हसले. संगणकावर चित्र दाखवलं. गाठीच्या जागी काही रंग नाही, थोडासा रंग लांब बाजूला. "मेंदूनं हाताचं काम बाजूला सरकवलेलं दिसतंय. गाठ पूर्ण काढू. हात शाबूत राहील." ऑपरेशनला वीस दिवसांनंतरची तारीख दिली. रेहाना तिथंच रडली. गाठ कळली त्या दिवशी ती रडली नव्हती.

ते वीस दिवस आम्ही चांगले काढले. दौंडला घरी परत आलो. माझ्या हातून कप फुटला तर रेहाना पूर्वीसारखी ओरडली, आणि ते ओरडणं ऐकून मला एवढं बरं वाटलं की काय सांगू. महिनाभर ती माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलत होती. सलीमनं फोनवर ठरवूनसुद्धा टाकलं की बरा झाल्यावर मी शिफ्टची नोकरी सोडायची आणि त्याच्या दुकानाचं लिहिण्याचं काम बघायचं. मी म्हटलं, तुझ्या दुकानात लिहिण्यासारखं आहे काय? तो हसला.

*इथं थांबलो. अंगठा वळत नाही. पुढं जमेल तेव्हा. — श.*

चार दिवसांनी लिहितोय.

ऑपरेशनला नऊ दिवस राहिले असताना शिवाजीआप्पा गुळाची ढेप घेऊन आले. राहूचा गूळ, त्यांच्याच गुऱ्हाळाचा. चहा घेता घेता कंपनीतल्या गोष्टी निघाल्या. आदल्या आठवड्यात लाइट गेली, आणि लाइट आल्यावर नवीन ऑपरेटरनं कार्डावरची रेघ न वाचताच बॅच चालू केली. आप्पा म्हणाले, "सगळं उलटं झालं की. तापवायच्या येळंला थांबला, आन् थांबायच्या येळंला तापवत बसला. मशीनवर कागद निघाला त्यो सरळच दिसतुया. आत माल समदा नासला."

मी हसलो. हसता हसता उजवा हात मांडीवर होता त्याकडं माझं लक्ष गेलं.

पायाशी उभा राहिलेला दुसरा माणूस. त्याला काय माहीत, मी कुठं थांबलो होतो? त्यानं पहिल्यापासून चालू केलं असणार. त्याच्या हिशेबात सुरुवातीला माझा हात स्वस्थ, आणि माझी तर बोटं चालली होती. तो समजला हात हलतोय, तेव्हा मी थांबलेलो. तो समजला थांबलाय, तेव्हा मी हलवत होतो. हात पांघरुणाखाली, त्याला दिसणार कसं? मशीननं जे बघितलं ते सगळं उलटं.

मी आप्पांना सांगितलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. मग विचारलं, "जे फोटू वाचत्यात त्येंना ठावं हाय का, मदी बंद पडलं व्हतं म्हून?"

मला माहीत नव्हतं.

तीन दिवस

रेहानाला सांगायला मी संध्याकाळपर्यंत थांबलो. तिनं सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, म्हणजे तिला समजलं होतं. मग म्हणाली, सांगू नका. सलीम शिरूरहून आला. त्याचं म्हणणं, एवढे मोठे डॉक्टर, एवढं मोठं मशीन, तुमच्या बोटांवर थोडंच अवलंबून असतंय? नशिबानं दार उघडलंय तर आपल्याच हातानं का लावून घेताय? तीन दिवस घरात हेच. मी म्हणायचो, चुकीचं कार्ड पुढं गेलं तर माल पुढं जातो आणि कोणीतरी ती गोळी खातो. रेहाना एकदाच चिडून म्हणाली, "तुम्ही बॅच न्हाई."

शेजारी आता म्हणतात, शब्बीरनं खरं सांगितलं, काय माणूस आहे. कसलं खरं! मी घाबरलो होतो. ऑपरेशनमधून उठेन आणि उजवा हात बाजूला पडलेला असेल, तेच डोळ्यांपुढं येत होतं. ज्या हातानं सतरा वर्षं कार्डं लिहिली तो मला पाहिजे होता. त्याच्यापलीकडं मी काही बघितलं नाही. हे इथं लिहून ठेवतो, म्हणजे माझ्या नावावर भलता मोठेपणा नको.

चौथ्या दिवशी पुण्याला गेलो.

लहान खोली

स्कॅनचं गणित करणाऱ्या मॅडम वयानं लहान, एका छोट्या खोलीत संगणकापुढं बसलेल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, मध्ये बंद पडलं होतं? नक्की? त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्याकडं दोन तुकडे आले होते. त्यांना वाटलं, फाइल मोठी म्हणून दोन केल्या असतील. डोकं थोडं सरकलं होतं तेवढं त्यांनी जुळवून घेतलं आणि दोन्ही तुकडे एकापुढं एक जोडले. पहिल्या माणसानं दुसऱ्याला सांगितलं नाही, दुसऱ्यानं मॅडमना सांगितलं नाही, आणि मी कोणालाच विचारलं नाही. आमच्या कंपनीत एवढ्यावर तिघांना मेमो निघाला असता.

मॅडमनी माझ्यादेखत दोन्ही तुकडे वेगळे केले. पहिल्यात दोनच फेरे, रंग अगदी फिकट. दुसऱ्याचा क्रम त्यांनी उलटा केला, स्वस्थच्या जागी हलणं, हलण्याच्या जागी स्वस्थ. संगणक बराच वेळ घोळत बसला. मग चित्र आलं. लांबचा रंग गेला होता. लाल ठिपका गाठीच्या मधोमध बसला होता, आणि पहिल्या तुकड्यातला फिकट डागही तिथंच.

मॅडमनी माउसवरचा हात काढून घेतला. "शब्बीरभाई, आपण परत करू. नीट करू," म्हणाल्या. दाराला काच होती. बाहेर बाकावर बसलेली रेहाना काचेतून माझ्या तोंडाकडं बघत होती. मी काही खूण केली नाही, तरी तिनं मान खाली घातली.

परत केलं. या वेळी मॅडम स्वतः माझ्या पायाशी उभ्या राहिल्या, हातात कागद आणि पेन घेऊन. पांघरूण हातावरून बाजूला केलं होतं. मशीन एकदाही थांबलं नाही. ठिपका तिथंच आला.

मोठे डॉक्टर त्या दिवशी उभ्याउभ्याच बोलले. गाठ काढता येणार नाही. सुईनं तुकडा काढून तपासू, मग शेक देऊ, म्हणजे रेडिएशन. बरं केलंत सांगितलंत, नाहीतर मी हाताची जागाच कापून काढली असती, असं म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तारीख रद्द झाली. त्या तारखेला आम्ही दौंडला घरी होतो. रेहानानं बिर्याणी केली आणि कोणी खाल्ली नाही.

शेक

सुईनं तुकडा काढायला आठ दिवस वॉर्डात होतो. पहाटे पाचला बीपी, सहाला चहा, सातला झाडू, नऊला राउंड. राउंडला डॉक्टर माझ्या पायाशी थांबून हळू आवाजात इंग्रजी बोलायचे आणि पुढं जायचे. एक मावशी होती, फरशी पुसणारी, रोज माझ्या उजव्या हाताखाली उशी सरकवून जायची. मी सांगितलं नव्हतं, तिला दिसलं होतं. त्या आठ दिवसांत मला आवडलेली तेवढीच एक गोष्ट.

मग सहा आठवडे शेक. तोंडावर जाळीचा मुखवटा घालून टेबलाला आवळतात. शिरूरहून पहाटेची एसटी, दुपारी परत. केस गेले, चव गेली. बरोबरचे पेशंट एकेक करून यायचे बंद झाले, बरे होऊन की कसे, ते कोणी विचारत नसे. मीही विचारलं नाही.

शेक संपला त्या दिवशी शिरूरहून दौंडच्या एसटीत बसलो. न्हावऱ्याच्या पुढं गाडी गेल्यावर रेहाना बोलली. इतक्या दिवसांत तिनं हा विषय काढला नव्हता. खिडकीकडं तोंड करूनच म्हणाली, "हाताचं काय घेऊन बसला होतात? मी भरवलं असतं."

त्या तीन दिवसांत मला दोनच गोष्टी दिसत होत्या, हात राहतो किंवा हात जातो. तिसरी तिला दिसली होती. हात गेला, गाठ गेली, माणूस राहिला. ती त्या तिसऱ्यासाठी मला गप्प राहा म्हणत होती, आणि मला वाटलं हिला स्कॅनमधलं काही कळत नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना मी विचारलं, तसं झालं असतं का? ते म्हणाले, झालंही असतं. किंवा बोलणंही गेलं असतं. किंवा वर्षभरात गाठ परत आली असती. सांगता येत नाही. मी जोर देऊन विचारलं, एक तरी सांगा. ते परत म्हणाले, सांगता येत नाही.

ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो उजवा हातच आता जात चालला. आधी बटण लागेना, मग घास तोंडाजवळ येईना. रेहाना मला भरवते. घास जरा मोठा असतो, तेवढं मी सांगतो.

*इथं थांबलो. पेन धरवत नाही.*

पुढं

हे अक्षर रेहानाचं आहे. ती शिरूरला दहावीपर्यंत शिकली, तिचं अक्षर माझ्यासारखं नाही पण वाचता येतं. मी सांगतो, ती लिहिते. बोलताना आता माझे शब्द अडकतात, तेव्हा ती थांबते. ती स्वतःहून शब्द सुचवत नाही, ते मी तिला बजावलंय.

ज्यांना असा स्कॅन करायचा आहे त्यांना एकच सांगतो. मशीन मध्येच बंद पडलं तर पडून राहू नका. आवाज द्या. परत चालू करायच्या आधी विचारा, पहिल्यापासून की थांबलो तिथून? बाहेर आल्यावरही सांगा, जो फोटो वाचणार आहे त्यालाच जाऊन सांगा. त्यानं तुमचं भलं होईल असं मी म्हणत नाही. माझं झालं नाही.

काल मी तिला एक वाक्य सांगितलं, मी केलं ते बरोबर केलं. तिनं पेन खाली ठेवलं. मी परत सांगितलं. ती म्हणाली, "हे मी लिहिणार न्हाई. बाकी काय बी सांगा." मी म्हटलं, मग लिहू नको, पण लिहिलं नाहीस म्हणून नोंद कर. ती नोंद तिनं केली, हीच ती. मग मी तिला विचारलं, चुकलं म्हणून लिहू का? तेही तिनं लिहिलं नाही. उठून आतल्या खोलीत गेली.

आज आप्पा आले होते. त्यांच्यासमोर मी रेहानाला आडवी रेघ मारायला लावली. वेळ टाकायला लावली, दुपारचे सव्वातीन. थांबवणाऱ्याच्या सहीच्या जागी माझा डाव्या हाताचा अंगठा आहे. त्याखाली पुढं चालवणाऱ्याची सही असते. ती जागा तिनं तशीच सोडली. आप्पा म्हणाले, "कर पोरी, तशीच रीत हाय." मग तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं.

— रेहाना शब्बीर